गेटिसबर्गचे भाषण : शब्द, वाक्य आणि आशय

(१)

अब्राहम लिंकनने १९ नोव्हेंबर १८६३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग येथे केलेले भाषण जगातील अतिपरिचित भाषणांपैकी एक होय. अतिपरिचयाचा जो परिणाम व्हावयाचा तो याही भाषणाच्या वाट्यास आला आहे. त्यातील अखेरचे पाच-पंचवीस शब्द सर्वांना पाठ असतात. त्यांच्या आधीची नऊ वाक्ये मात्र क्वचितच वाचली जातात. नागरिकशास्त्राची क्रमिक पुस्तके या अखेरच्या शब्दांना ‘लोकशाहीची व्याख्या’ म्हणतात, आणि विद्यार्थी ती व्याख्या म्हणूनच घोकतो. भाषणाची वाक्यरचना तपासली असता हे नामाभिधान टिकत नाही, असे दिसून येते. ते का टिकत नाही, आणि हे भाषण आपला आशय भाषेच्या कोणत्या घटकांतून सिद्ध करते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम प्रसंगाची नोंद करणे अवश्य आहे. जुलै १८६३ च्या पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्ग येथे अमेरिकन यादवी युद्धातील एक अत्यंत घनघोर लढाई झाली. तीत पडलेल्या संघराज्याच्या सैनिकांसाठी जी दफनभूमी तयार करण्यात आली तिच्या अर्पणविधीचा हा समारंभ होता. दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट हे होते. ग्रीक विद्येचे पंडित म्हणून त्यांची ख्याती होती आणि त्यांचे भाषण सुमारे दोन तास चालले. लिंकनकडे समारोपाचे ‘चार समयोचित शब्द’ बोलण्याचे काम होते. तो दोन-तीन मिनिटेच बोलला. आपण दोन तासांत मध्यवर्ती कल्पनेच्या जितके जवळ गेलो असू, त्याहून लिंकन दोन मिनिटांत अधिक जवळ गेला, अशा आशयाचे पत्र एव्हरेट यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला लिहिले.

संहितेचा प्रश्नही येथेच उरकणे इष्ट. लिंकनच्या हस्ताक्षरातील पाच प्रती उपलब्ध असून त्या निकोले, हे, एव्हरेट, बँक्रॉफ्ट आणि ब्लिस या नावांनी ओळखल्या जातात. त्यांत लहानमोठे पाठभेद आहेत. ‘ईश्वराच्या छायेखाली’ अशा अर्थाचा ‘अंडर गॉड’ हा पदबंध पहिल्या दोन प्रतींत नाही. वृत्तपत्रांनी छापलेल्या वृत्तान्तांत आणि नंतरच्या तीन प्रतींत तो आहे. यावरून प्रत्यक्ष बोलताना तो जोडला गेला असावा, असा तर्क केला जातो. भाषणाचे ध्वनिमुद्रण असणे शक्यच नव्हते; एडिसनचे ध्वनिमुद्रणयंत्र १८७७ चे. म्हणून आघात आणि सूर यांविषयीची विधाने अनुमानापलीकडे जाऊ शकत नाहीत. पुढील विवेचनात ब्लिस प्रत प्रमाण मानली आहे. लिंकनची सही असलेली ती एकमेव प्रत होय.

(२)

या प्रतीत वाक्ये दहा आणि शब्द सुमारे २७० आहेत. वाक्यांच्या लांबीची वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. पहिले वाक्य ३० शब्दांचे आहे. तिसरे अवघे १० शब्दांचे आणि पाचवे ११ शब्दांचे. सहावे ते आठवे ही तीन वाक्ये १९ ते २१ शब्दांची, म्हणजे जवळजवळ समान लांबीची आहेत. दहावे वाक्य मात्र ८२ शब्दांचे आहे. एकूण भाषणाचा तीन-दशांश भाग या एका वाक्याने व्यापला आहे. आरंभी विधान, मध्ये आखूड वाक्यांतून प्रसंगाची मांडणी, नंतर समतोल वाक्यांतून निषेध, आणि शेवटी एक दीर्घ आरोहण अशी ही रचना आहे. दहाव्या वाक्याचा विस्तार आलंकारिक हौसेतून आलेला नाही. आधीच्या नऊ वाक्यांत जे निरनिराळे धागे सोडले आहेत ते सर्व याच वाक्यात एकत्र ओढले जातात, म्हणून ते लांब आहे.

शब्दांच्या आवृत्तीची गणना केली तर आणखी एक गोष्ट दिसते. प्रथमपुरुषी एकवचन या भाषणात एकदाही येत नाही. प्रथमपुरुषी अनेकवचनाची रूपे मात्र पंधरा आहेत. मराठी अनुवादकाला येथे एक निवड करावी लागते, जी इंग्रजी वक्त्याला करावी लागली नाही. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. इंग्रजीत ‘वुई’ हे एकच. लिंकनने या एकाच सर्वनामाचा व्याप वाक्यागणिक बदलला आहे. ‘आपण एका मोठ्या यादवी युद्धात गुंतलो आहोत’ येथे ते सर्व राष्ट्राला उद्देशून आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात दोन्ही पक्ष येतात, कारण यादवी एका पक्षाने होत नाही. ‘आपण येथे जमलो आहोत’ येथे ते समोरच्या जनसमुदायापुरते आकुंचित होते. नवव्या वाक्यात ‘आपण जे जिवंत आहोत’ असा विस्तार करून त्याला मृतांच्या विरोधात उभे केले आहे. सर्वत्र ‘आपण’ हेच मराठी रूप योग्य ठरते. एकाही ठिकाणी ‘आम्ही’ म्हटले तर वक्ता श्रोत्यांपासून तुटतो आणि भाषणाचा तोल जातो.

(३)

दर्शक शब्दांचा उपयोग हा या भाषणाचा दुसरा विशेष होय. ‘नेशन’ हे नाम पाच वेळा येते. पण पाचही वेळा त्याच्या मागील निर्देशक शब्द सहेतुक योजलेला आहे. प्रथम ‘एक नवे राष्ट्र’, मग ‘ते राष्ट्र’, लगेच ‘किंवा असे कोणतेही राष्ट्र’, नंतर पुन्हा ‘ते राष्ट्र’, आणि दहाव्या वाक्यात ‘हे राष्ट्र’. अनिश्चिततेकडून निश्चिततेकडे, तेथून सामान्य तत्त्वाकडे आणि अखेर वक्त्याच्या हाताच्या अंतरावर असा हा प्रवास आहे. ‘कोणतेही’ हा शब्द तर युद्धाचे स्वरूपच बदलून टाकतो. प्रश्न केवळ अमेरिकेच्या अखंडत्वाचा राहत नाही. अशा तत्त्वावर उभे असलेले कोणतेही राज्य टिकू शकते काय, हा प्रश्न होतो. याच्या जोडीला हेही पाहावे की, ‘युनियन’ हा शब्द या भाषणात एकदाही आलेला नाही. १८६१ च्या अधिकारग्रहणाच्या भाषणात तोच शब्द वारंवार आला होता. राज्यांचा संघ या कायदेशीर कल्पनेची जागा दोन वर्षांत राष्ट्र या कल्पनेने घेतली होती.

‘हिअर’ म्हणजे ‘इथे’ हे स्थलवाचक अव्यय आठ वेळा येते. एवढ्या लहान भाषणात ही आवृत्ती अनवधानाची असू शकत नाही. आठव्या वाक्यात ‘आपण इथे जे बोलतो’ आणि ‘त्यांनी इथे जे केले’ ही दोन उपवाक्ये समोरासमोर ठेवली आहेत. स्थल एकच, कर्ता आणि क्रिया भिन्न. बोलणे आणि करणे यांतील अंतर दाखविण्यासाठी स्थान मुद्दाम स्थिर ठेवले आहे. पुढील वाक्यांत तोच ‘इथे’ मृतांच्या लढण्याला आणि जिवंतांच्या संकल्पाला सारखाच लागू होतो, आणि अंतर भरून काढण्याची जबाबदारी श्रोत्यांवर येते.

स्थलवाचक नामांचा क्रमही याच्याशी सुसंगत आहे. प्रारंभी ‘खंड’, मग ‘रणभूमी’, मग ‘त्या भूमीचा एक भाग’, मग ‘ही जमीन’, आणि अखेरचा शब्द ‘पृथ्वी’. दृष्टी टप्प्याटप्प्याने पायाखालच्या मातीपर्यंत खाली येते आणि एकदम सर्व पृथ्वीएवढी विस्तारते. या क्रमात विशेषनाम एकही नाही. गेटिसबर्ग, अमेरिका, उत्तर, दक्षिण, कोणाही सेनापतीचे वा शत्रूचे नाव भाषणात नाही. ईश्वरवाचक शब्द तेवढा अपवाद. इथे आहे, पण कोठे ते सांगितलेले नाही. आपण आहोत, पण कोण ते सांगितलेले नाही. त्यामुळे प्रसंग सरला तरी शब्द शिळे झाले नाहीत.

(४)

भाषणाचा कणा मात्र ‘डेडिकेट’ हे क्रियापद आहे. ते सहा वेळा येते आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचा अन्वय बदलतो. पहिल्या व दुसऱ्या वाक्यांत राष्ट्र हे एका तत्त्वाला वाहिलेले आहे, असे विशेषण म्हणून ते येते. चौथ्या वाक्यात ते सकर्मक कर्तरी रूपात आहे: आपण या भूमीचा भाग अर्पण करावयास आलो आहोत. हा समारंभाचा, निमंत्रणपत्रिकेचा अर्थ होय. सहाव्या वाक्यात त्याचाच निषेध होतो: आपण ही जमीन अर्पण करू शकत नाही. नवव्या आणि दहाव्या वाक्यांत ते कर्मणी रूपात येते, आणि जे कर्ते होते ते आता कर्म झाले आहेत: अर्पण व्हावयाचे आहे ते आपणच. जमीन अर्पण करावयास आलेला समुदाय स्वतः अर्पण होऊन परत जातो. भाषणातील सारे स्थित्यंतर प्रयोगाच्या या एका बदलात सामावलेले आहे.

सहाव्या वाक्यात या क्रियापदाच्या जोडीला आणखी दोन क्रियापदे आहेत: ‘कॉन्सिक्रेट’ आणि ‘हॅलो’, म्हणजे पवित्र करणे. पहिली दोन लॅटिन मूळाची, तिसरे शुद्ध जुन्या इंग्रजी मूळाचे. विधी आणि पौरोहित्य यांच्या भाषेकडून घरगुती प्रार्थनेच्या भाषेकडे हा उतार आहे. मराठीत याला समांतर म्हणून तत्सम शब्दांकडून तद्भव शब्दाकडे येण्याची सोय आहे, पण बहुतेक अनुवादक तिन्ही ठिकाणी संस्कृत शब्दच योजण्याच्या मोहात पडतील. वास्तविक ‘वाहणे’ हे मराठी क्रियापद या भाषणाच्या अनुवादाला विलक्षण सोयीचे आहे. देवाला फूल वाहतात. एखाद्या कार्याला माणूस स्वतःला वाहून घेतो. एखादी संस्था तत्त्वाला वाहिलेली असते. समारंभाचा अर्थ आणि निष्ठेचा अर्थ हे दोन्ही या एका धातूत नांदतात. ‘अर्पण’, ‘समर्पण’, ‘उद्घाटन’ असे वेगवेगळे शब्द योजले की वाक्ये सुंदर होतात, पण सहा आवृत्तींना जोडणारी दोरी तुटते आणि भाषणातील युक्तिवाद दिसेनासा होतो.

(५)

तो युक्तिवाद पहिल्याच वाक्यात सुरू होतो. ‘फोर स्कोर अँड सेव्हन’ ही वर्षगणना इंग्रजीतही त्या काळी रोजच्या व्यवहारातील नव्हती. १६११ च्या इंग्रजी बायबलमधील आयुर्मानाची गणना तिच्यामागे उभी आहे. जुन्या पिढीतील मराठी माणसाची ‘चार विसा सात’ ही मोजणी तिला रचनेने जवळची आहे, पण तिच्यात बाजाराचा आणि घराचा वास आहे, धर्मग्रंथाचा नाही. या गणनेत शैलीइतकेच राजकारणही आहे. १८६३ मधून ८७ वजा केले म्हणजे १७७६ उरतात. लिंकन राष्ट्राचा जन्म १७८७ च्या राज्यघटनेपासून मोजत नाही, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून मोजतो. घटनेने गुलामगिरीला नाव न घेता आश्रय दिला होता. जाहीरनाम्याने सर्व माणसे समान निर्माण झाल्याचे म्हटले होते. शिकागो टाइम्ससारख्या विरोधी पत्राने याच मुद्द्यावर लिंकनवर तेव्हा कडक टीका केली. म्हणजे समकालीन विरोधकाला त्या एका अंकाचा अर्थ नेमका कळला होता.

जाहीरनाम्यात समानता हे स्वयंसिद्ध सत्य आहे. लिंकनने त्याला ‘प्रपोझिशन’ म्हटले. हा शब्द भूमितीचा होय. युक्लिडच्या पहिल्या सहा पुस्तकांचा आपण अभ्यास केल्याचे लिंकनने १८६० मध्ये स्वतःच नमूद केले होते. स्वयंसिद्ध सत्याला सिद्धतेची गरज नसते, प्रपोझिशनला असते. म्हणूनच दुसऱ्या वाक्यात युद्धाला कसोटी म्हटले आहे. मराठीत याचे भाषांतर ‘सिद्धान्त’ असे केल्यास नेमके उलट होते, कारण सिद्धान्त म्हणजे ज्याचा अंत सिद्धीत झाला आहे असा निष्कर्ष. ‘प्रमेय’ त्याहून बरा. परंतु न्यायशास्त्रातील ‘प्रतिज्ञा’ हा शब्द सर्वांत समर्पक ठरावा. पंचावयवी अनुमानातील पहिला अवयव, म्हणजे सिद्ध करावयाचे विधान, त्याला प्रतिज्ञा म्हणतात. आणि नित्याच्या मराठीत प्रतिज्ञा म्हणजे संकल्प. हे भाषण पहिल्या अर्थाच्या प्रतिज्ञेपासून दुसऱ्या अर्थाच्या प्रतिज्ञेपर्यंत जाते. इंग्रजीत त्यासाठी ‘प्रपोझिशन’ आणि ‘रिझॉल्व्ह’ असे दोन शब्द लागले. मराठीत एकच पुरला असता.

(६)

आता दहाव्या वाक्याकडे, आणि त्यातील तथाकथित व्याख्येकडे वळावयास हरकत नाही. या वाक्यात मुख्य विधानानंतर ‘दॅट’ या उभयान्वयी अव्ययाने सुरू होणारी पाच उपवाक्ये आहेत. ती सर्व एकाच पातळीवरची आहेत काय? विरामचिन्हांवरून तसे वाटते. क्रियापदांवरून वाटत नाही. ‘या मृतांपासून आपण अधिक निष्ठा घ्यावी’ आणि ‘आपण इथे दृढ संकल्प करावा’ या पहिल्या दोन उपवाक्यांत क्रियापदाचे साधे रूप आहे. उरलेल्या तिहींत ‘शॅल’ हे सहायक क्रियापद आहे: हे मृत व्यर्थ मेले असे होणार नाही, या राष्ट्राला स्वातंत्र्याचा नवा जन्म लाभेल, आणि लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी असलेले शासन पृथ्वीवरून नष्ट होणार नाही. ‘शॅल’ने बांधलेली ही तीन उपवाक्ये दुसऱ्या उपवाक्यातील ‘संकल्प करावा’ या क्रियापदाची कर्मे होत. पहिली दोन उपवाक्ये कार्य कोणते ते सांगतात. नंतरची तीन संकल्प कोणता ते सांगतात.

याचा अर्थ असा की, लोकांच्या शासनाविषयीचे शब्द हे संकल्पाच्या पोटातील एका गौण उपवाक्याचे कर्तृपद आहेत. ते कोणत्याही वाक्याचे विधेय नाहीत. व्याख्येचे व्याकरण ‘अमुक म्हणजे तमुक’ असे असते. येथे ‘लोकशाही’ हा शब्दच भाषणात कोठे नाही, आणि ‘म्हणजे’ला समानार्थी क्रियापदही नाही. क्रियापद आहे ते ‘नष्ट होणार नाही’ हे. पाठ्यपुस्तक कर्तृपद ठेवते आणि क्रियापद टाकून देते. त्याबरोबर संकल्प करणारा ‘आपण’ही जातो. जे धोक्यात होते आणि ज्याच्यासाठी शपथ घ्यावयाची होती, ते विद्यार्थ्यापुढे आयते आणि सुरक्षित वस्तू म्हणून येते.

ही शब्दयोजना सर्वस्वी लिंकनची नव्हती. डॅनियल वेब्स्टरने १८३० मध्ये आणि थिओडोर पार्करने १८५० मध्ये तिच्याशी मिळतीजुळती रचना वापरली होती. लिंकनने विशेषणे आणि कृदन्ते गाळून केवळ तीन शब्दयोगी अव्यये ठेवली. मराठीत त्या अव्ययांच्या जागी अनुक्रमे षष्ठी, तृतीया आणि शब्दयोगी ‘साठी’ येतात. परंतु प्रचलित मराठी रूपांतर ‘लोकांनी लोकांसाठी चालविलेले लोकांचे राज्य’ असे आहे. क्रम उलटला आहे आणि ‘चालविलेले’ हे कृदन्त आत आले आहे, कारण मराठीत नुसती तृतीया क्रियापदाविना उभी राहू शकत नाही. हा अनुवादकाचा दोष नव्हे. भाषेची गरज आहे. मात्र इंग्रजी ‘ऑफ’मधील एक संदिग्धता त्यात लोपते. ‘लोकांवर चालणारे’ आणि ‘लोकांतून निघालेले’ असे दोन्ही अर्थ त्या अव्ययात संभवतात. मराठी षष्ठी येथे स्वामित्वाचाच अर्थ ठसविते.

(७)

या भाषणाची जी शक्ती तीच त्याची मर्यादाही होय. नावे गाळल्यामुळे ते सर्वांचे झाले. पण गाळलेल्या नावांत गुलामगिरीचेही नाव आहे. १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीची घोषणा अमलात आली होती, तरी दहा महिन्यांनंतरच्या या भाषणात गुलाम हा शब्द नाही. ‘स्वातंत्र्याचा नवा जन्म’ या रूपकात तो अध्याहृत आहे. ज्याला १७७६ चा संदर्भ ठाऊक आहे त्यालाच तो ऐकू येतो. लिंकनने ही उणीव पुढे स्वतःच भरून काढली. ४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या अधिकारग्रहणाच्या भाषणात त्याने गुलामगिरीचे नाव घेऊन तिला युद्धाचे कारण म्हटले. दोन्ही भाषणे एकत्र वाचल्याखेरीज लिंकनच्या भाषेविषयीचा निर्णय पूर्ण होत नाही.

मराठी वाचकाला येथे एका वेगळ्या अर्पणाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. गेटिसबर्गचे भाषण जोतीरावांच्या डोळ्यांपुढे होते, असे येथे सुचवावयाचे नाही. पण दोन अर्पणांतील भाषिक निवड परस्परांवर प्रकाश टाकते. लिंकनने वाहिले आणि नाव घेतले नाही. जोतीरावांनी नाव ग्रंथाच्या मथळ्यावर घातले आणि मग वाहिले. एकाला दुभंगलेले राष्ट्र सांधावयाचे होते. दुसऱ्याला ज्यांना आपली गुलामी दिसत नव्हती त्यांना ती दाखवावयाची होती. प्रयोजन भिन्न म्हणून शैली भिन्न.

डॉ. भीमराव आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणाच्या अखेरीस लोकांच्या शासनाचे हेच सूत्र योजले. विशेष हे की, त्यांच्याही वाक्यात ते सूत्र व्याख्या म्हणून येत नाही. हे तत्त्व जतन करावयाचे असेल तर त्याच्या मार्गातील दोष ओळखण्यात दिरंगाई करू नये, असा संकल्प त्या वाक्यात आहे. सूत्र अटीच्या उपवाक्यात आहे आणि भार क्रियापदावर आहे. सूत्राचा मूळ अन्वय त्यांनी अचूक राखला, असे म्हणावे लागेल.

गॅरी विल्स यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या भाषणाचे नाते ग्रीकांच्या अंत्यगौरवपर भाषणपरंपरेशी जोडले आहे, आणि ते नाते खरे आहे. मृतांची स्तुती करून जिवंतांना उपदेश करणे हा त्या परंपरेचा नेमच होता. परंतु स्तुतीचे संकल्पात रूपांतर कसे होते, हे परंपरा सांगत नाही. ते प्रयोगाचा पालट, निर्देशक शब्दांचा क्रम आणि सहायक क्रियापदाची निवड यांवरून कळते. या भाषणाचा अनुवाद करणाऱ्याने अखेरचे सूत्र रेखीव करण्याआधी ‘डेडिकेट’च्या सहा आवृत्तींना एकच मराठी धातू लावून पाहावा, आणि ते शिकविणाऱ्याने फळ्यावर सूत्र लिहिताना त्यापुढील क्रियापदही लिहावे. नकारार्थी भविष्यकाळातील त्या क्रियापदाविना उरतो तो केवळ एक पदबंध. त्याने कोणालाच काही बांधून घेतलेले नसते.